एमडी मेडिसिन, सध्या गडचिरोली जिल्ह्यात. बाहेर व्हिसा स्पॉन्सर करणारं हॉस्पिटल शोधायचं कसं?

वैनगंगाकाठ

नमस्कार. मी एमडी मेडिसिन, एमबीबीएस आणि पीजी दोन्ही विदर्भातल्याच सरकारी कॉलेजातून. पीजीनंतरचा एक वर्षाचा बॉण्ड करून झाला आहे त्यामुळे ते ५० लाखाचं ओझं डोक्यावर नाही. सध्या गडचिरोली जिल्ह्यात एका उपजिल्हा रुग्णालयात कंत्राटी फिजिशियन आहे, म्हणजे अकरा महिन्यांची ऑर्डर, मग मधे ब्रेक दाखवायचा, मग परत ऑर्डर येईपर्यंत बिनपगारी वाट पाहायची. काम भरपूर आहे, सिकलसेलचे क्रायसिस, पावसाळ्यात मलेरिया, साप, फवारणीचं औषध पिलेले, सगळं एकटीच पाहते, त्याची तक्रार नाही. पण मिस्टर झेडपीच्या शाळेवर, मुलगी चार वर्षांची, आणि माझ्या नोकरीचा पुढच्या दिवाळीपर्यंतचा भरोसा नाही, म्हणून बाहेर जायचा विचार करून राहिली.

यूकेच्या एनएचएस, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, जॉब्सवर बरेच अर्ज टाकले. फॉर्ममधे दोन प्रश्न येतातच, तिथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का आणि स्पॉन्सरशिप लागते का. पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो, की आपोआप नकाराचा मेल. म्हणून कोणीतरी नागपूरच्या एका एजंटचा नंबर दिला. तो म्हणतो साडेतीन लाखात "स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट" काढून देतो, अर्धे आधी, परीक्षा नंतर तिकडे गेल्यावर द्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ऑफर लेटर पण पाठवलं, वर हॉस्पिटलचा लोगो, खाली सही.

तर विचारायचं हे की आधी स्पॉन्सर शोधायचा की आधी परीक्षा? आपल्या एमडीला बाहेर खरंच काही किंमत आहे का? आणि एक अडचण, डिग्र्या सगळ्या माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या आडनावाने आहे, त्याने काही अडतं का?

---

पुसदकर_सध्या_यूके

मॅडम, पहिले त्या एजंटला एक रुपया देऊ नका. नंतर बाकीचं वाचा.

सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप हा कागदच नसतो, सही-शिक्क्याचा तर नाहीच. ती होम ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या गृहखात्याच्या, सिस्टीममधली एक नोंद असते आणि तुम्हाला मिळतो फक्त तिचा नंबर, तोही हॉस्पिटलने मुलाखत घेऊन, नोकरी पक्की करून, तुमचे कागद तपासल्यावर. तो नंबर आल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज टाकायचा. त्यामुळे "सर्टिफिकेट काढून देतो, परीक्षा नंतर" हे म्हणजे लग्नाआधी बारशाची पत्रिका. परीक्षेशिवाय रजिस्ट्रेशन नाही, रजिस्ट्रेशनशिवाय तुम्हाला तिथे पेशंटला हात लावता येत नाही, मग हॉस्पिटल स्पॉन्सर कशासाठी करेल? आणि यूकेत नोकरी शोधणाऱ्याकडून नोकरी लावून द्यायचे पैसे घेणं १९७३ च्या कायद्यापासून बंद आहे. खऱ्या एजन्सीला पैसे हॉस्पिटल देतं. त्या ऑफर लेटरवरचा ईमेल पाहा, जीमेलचा असेल तर तिथेच विषय संपला. होम ऑफिसची लायसन्सवाल्या स्पॉन्सर्सची यादी सगळ्यांसाठी उघडी आहे, हॉस्पिटलचं नाव त्यात शोधा, आणि नाव सापडलं तरी त्या हॉस्पिटलच्या वेबसाईटवरच्या नंबरला फोन करून विचारा, लेटरवर छापलेल्या नंबरला नाही.

आता एमडीचं. तिथली जनरल मेडिकल कौन्सिल आपल्या एमडीवर रजिस्ट्रेशन देत नाही. मार्ग मुख्य दोन. एक प्लॅब, म्हणजे बाहेरून आलेल्या डॉक्टरांसाठी कौन्सिलची परीक्षा, भाग एक आपल्याकडे मुंबईसारख्या शहरात देता येतो, भाग दोन मात्र मँचेस्टरलाच. दुसरा एमआरसीपी, म्हणजे तिथल्या रॉयल कॉलेजांची मेडिसिनची परीक्षा, तीन टप्पे, दोन लेखी आणि शेवटची पेसेस म्हणजे पेशंटसमोरची परीक्षा. पूर्ण एमआरसीपी झाली की प्लॅब लागत नाही. तुम्ही मेडिसिनमधे एमडी आहात तर माझं मत स्पष्ट आहे, प्लॅबच्या नादी लागू नका. प्लॅब झालेले डॉक्टर सध्या इथे ढिगाने रिकामे बसून आहेत, साध्या एसएचओच्या, म्हणजे ज्युनियर डॉक्टरच्या, जागेची जाहिरात पडली की इतके अर्ज येतात की तारखेच्या आधीच बंद करतात. सरकार पण आता ट्रेनिंगच्या जागांवर इथल्या पदवीधरांना आधी घ्यायचं म्हणून राहिलं. एमआरसीपी असली तर निदान तुमचा अर्ज उघडून वाचतात.

इंग्रजीची परीक्षा वेगळी, आयईएलटीएस अकॅडमिक असेल तर एकूण ७.५ आणि चारही भागात किमान ७, एकाच बैठकीत. किंवा ओईटी, त्यात चारही भागात बी. ओईटीत रेफरल लेटर लिहायचं असतं आणि पेशंटशी बोलायचं असतं, डॉक्टर माणसाला ते जमतं.

आणखी एक, मनाची तयारी म्हणून सांगतो. तिकडे तुम्ही कन्सल्टंट म्हणून नाही जाणार. क्लिनिकल फेलो, फार तर स्पेशालिटी डॉक्टर. कायम कन्सल्टंट व्हायला स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव लागतं, आणि त्यासाठी एकतर तिथलं ट्रेनिंग नाहीतर पोर्टफोलिओ पाथवे, ज्याला आधी सीईएसआर म्हणायचे, त्यात आपण केलेल्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा जमवता जमवता वर्षं जातात. मी स्वतः वॉर्डचा बॉस होतो पुसदला, इथे येऊन डिस्चार्ज समरी लिहिल्या. ज्याला हे खुपतं त्याने येऊ नये.

व्हिसा मात्र डॉक्टरांसाठी त्यातल्या त्यात बरा आहे. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा, फी कमी, इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज माफ, आणि नवरा मुलं सोबत नेता येतात. मार्च २०२४ पासून केअर वर्कर लोकांना कुटुंब आणायला बंदी केली ती डॉक्टरांना लागू नाही, हे व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमी उलटं फिरत असते.

---

रियाधवाला_डॉक

पुसदकर साहेबांनी यूकेचं बरोबर सांगितलं पण मॅडमचा प्रश्न "एमडीला किंमत आहे का" असा होता. आहे ना, गल्फमधे आहे. इथे कोणी तुम्हाला परत रेसिडेन्सी, म्हणजे पीजीसारखं ट्रेनिंग, करा म्हणत नाही. एमडी आणि त्यानंतरचा अनुभव यावरच ग्रेड ठरते, बहुतेक वेळा सुरुवातीला कन्सल्टंट नाही देत, खालची ग्रेड देतात, पण स्पेशालिटीतच काम करता.

क्रम इथेही तोच. पहिले डेटाफ्लो, म्हणजे डिग्री, रजिस्ट्रेशन, अनुभव हे सगळं ते थेट मूळ ठिकाणी विचारून खरं करून घेतात. मग प्रोमेट्रिकची, म्हणजे लायसन्ससाठीची कॉम्प्युटरवरची, परीक्षा. सौदीला सौदी कमिशन, दुबईला तिथलं आरोग्य खातं डीएचए, अबुधाबीला वेगळं खातं, प्रत्येकाचं आपापलं. हे झालं की नोकरी, आणि व्हिसा व इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हॉस्पिटलच काढतं. कायमचं राहणं वगैरे इथे विसरा, नोकरी आहे तोवर इकामा आहे.

पण तुमच्यासारख्यांचा गाडा अडतो तो अनुभवाच्या दाखल्यावर. उपजिल्हा रुग्णालयात डेटाफ्लोचा मेल येतो, कोणी उघडतच नाही, कारण तो ज्या क्लार्कच्या आयडीवर गेला त्याची बदली होऊन गेली. मग रिपोर्टवर "पडताळणी होऊ शकली नाही" असा शेरा, आणि पैसे तर गेलेच. म्हणून मी सांगतो ते आत्ताच करा, जाऊ तेव्हा पाहू असं करू नका. वैद्यकीय अधीक्षकांच्या लेटरहेडवर दाखला, त्यावर जावक क्रमांक आणि तारीख, पदाचं नाव, पूर्णवेळ असा शब्द, कधीपासून कधीपर्यंत, आणि खाली कार्यालयाचा सरकारी ईमेल. कंत्राटी असाल तर ऑर्डर जिथून निघते तिथला, म्हणजे जिल्हा शल्य चिकित्सक नाहीतर जिल्हा सोसायटीचा दाखला पण वेगळा घ्या. प्रत्येक अकरा महिन्यांची ऑर्डर आणि प्रत्येक जॉइनिंग रिपोर्ट जपा, कारण त्या मधल्या ब्रेकबद्दल परदेशातला माणूस विचारतोच की या दिवसात तुम्ही कुठे होता, आणि त्याला आपली कंत्राटी पद्धत समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतात. आणि मग कोणता क्लार्क मेल पाहतो त्याच्याशी जाऊन बोला, चहा पाजा, सांगा की असा असा मेल येईल.

अटेस्टेशन, म्हणजे कागद खरे असल्याचा शिक्का, त्यात पण फरक आहे. सौदीला २०२२ च्या शेवटापासून अपॉस्टिल, म्हणजे आपल्या सरकारचाच एक शिक्का, चालतं, यूएईला अजून एम्बसीचाच शिक्का.

---

रामटेकचा_काका

सगळेच गेले तं इथल्या पेशंटनं कोनाकडं जायचं? एमडी मेडिसिन डॉक्टर त्या भागात किती आहेत, बोटावर मोजण्यासारखे. सरकारनं शिकवलं ना तुमाले.

---

मेडिकल_चौक

काका, बॉण्ड करून झाला आहे त्यांचा, वाचलं नाही का पूर्ण. आणि हा प्रश्न ऑर्डर काढणाऱ्याले विचारा ना, अकरा महिन्यावर एमडी डॉक्टर ठेवून राहिले ते.

---

आयोवातला_अमरावतीकर

काकांवरून आठवलं. मी सध्या अमेरिकेत ज्या गावात आहे तिथे चारी बाजूला मका, जवळचं मोठं हॉस्पिटल गाडीने दीड तास, आणि अख्ख्या काउंटीत फिजिशियन म्हणजे मी आणि एक म्हातारे डॉक्टर. मेळघाटात बॉण्ड केला होता, फरक एवढाच की इथे सीटी स्कॅन चालू असतो. 😅

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो कारण मॅडमचा कल तिकडे दिसत नाही. आपली एमडी इथे जवळपास शून्य. बऱ्याच राज्यांनी, टेनेसीने २०२३ मधे सुरुवात केली, बाहेरच्या ट्रेन्ड डॉक्टरांना रेसिडेन्सीशिवाय तात्पुरतं लायसन्स द्यायचे कायदे केले आहेत पण त्या भरवशावर कोणी घर विकू नये. नेहमीचा रस्ता म्हणजे यूएसएमएलई या लायसन्स परीक्षेच्या स्टेप १ आणि २, बाहेरच्या डॉक्टरांचे कागद तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट, मग मॅच म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप, मग इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षं रेसिडेन्सी परत पहिल्यापासून. एमबीबीएस होऊन जितकी जास्त वर्षं झाली तितके प्रोग्रॅम अर्ज बाजूला टाकतात.

व्हिसा दोन. जे-वन मधे स्पॉन्सर हॉस्पिटल नसतंच, ईसीएफएमजी असते, आणि दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडून स्टेटमेंट ऑफ नीड हे पत्र लागतं. रेसिडेन्सी संपली की दोन वर्षं भारतात परत, नाहीतर वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट. नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेटवर वेव्हर बाकीच्यांना मिळतो, डॉक्टरांना कायद्यानेच मिळत नाही. म्हणून कॉनरॅड ३० ही वेव्हरची योजना, प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, जिथे डॉक्टर नाहीत अशा भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम. मी तेच करून राहिलो. दुसरा एच-वन-बी, त्याला स्टेप ३ आधी लागते, आणि सप्टेंबर २०२५ मधे बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या पिटिशनवर एक लाख डॉलरची फी लावली त्यानंतर लहान हॉस्पिटलं एच-वनचं नाव काढलं की फोन ठेवतात. ग्रीन कार्डची भारतीयांची रांग तर विचारूच नका.

तुमची मुलगी चार वर्षांची आहे, तीन परीक्षा, मॅच, तीन वर्षं रेसिडेन्सी, तीन वर्षं वेव्हर, हिशोब तुम्हीच लावा. पंचविशीतल्या पोराला मी हो म्हणेन, तुम्हाला नाही म्हणतो.

---

वैनगंगाकाठ

सगळ्यांचे खूप खूप आभार. एजंटला ब्लॉक केलं. ईमेल जीमेलचाच होता आणि लेटरवर जॉइनिंगची तारीख रविवारची होती, आधी लक्षच गेलं नव्हतं.

काका, राग नाही. पण मागच्या ब्रेकमधे मी घरी बसून होती आणि वॉर्डातली सिस्टर फोनवर विचारून राहिली होती की मॅडम या पोराला काय लावू. फुकट सांगितलं, सांगणारच. पण त्या महिन्याचा घराचा हप्ता कोण भरते.

पुसदकर सर, एमआरसीपीचं पटलं. पण इथे राहून अभ्यास, ड्यूटी, मुलगी, हे जमेल का आणि माझ्या सीव्हीत असं आहे काय की तिकडच्या माणसाने बघावं? ना पेपर ना कॉन्फरन्स. आणि एमटीआय म्हणून एक ऐकलं होतं ते काय आहे? नावाचं पण कोणी सांगितलं नाही.

---

पुसदकर_सध्या_यूके

एमटीआय म्हणजे मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह. आपल्यासारख्या देशातल्या एमडी झालेल्या डॉक्टरांसाठीच आहे, रॉयल कॉलेज तुमचं रजिस्ट्रेशन स्पॉन्सर करतं त्यामुळे प्लॅबही नाही, पण इंग्रजीची परीक्षा आहेच. जास्तीत जास्त २४ महिने, आणि मग परत यायचं, योजनेचा उद्देशच तो आहे. व्हिसाही वेगळ्या प्रकारचा असतो, स्पॉन्सर अकॅडमी ऑफ मेडिकल रॉयल कॉलेजेस. ज्याला स्थायिक व्हायचं त्याने हा मुख्य रस्ता धरू नये, पण ज्याला शिकून परत येऊन स्वतःचं काही करायचं आहे त्याच्यासाठी मला तरी हा सगळ्यात चांगला वाटतो. रांग मोठी असते, हॉस्पिटल मिळायला वेळ लागतो.

सीव्हीत काय आहे म्हणता? सिकलसेल आहे ना! यूकेत प्रत्येक जन्मलेल्या बाळाची सिकलसेल तपासणी होते, लंडन बर्मिंगहॅमकडे पेशंट भरपूर आहेत, आणि अ‍ॅक्यूट मेडिसिनला क्रायसिस येतो तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात वेदनाशामक मिळालं का यावर इथे ऑडिट होत असतात. तुम्ही तेच तिकडे करा. वॉर्डाचं रजिस्टर घ्या, क्रायसिसने भरती झालेले पेशंट काढा, दारात आल्यापासून पहिलं पेनकिलर किती मिनिटांनी मिळालं ते लिहा, मग सिस्टरांसोबत बसून एक साधा कागद भिंतीवर लावा की आल्या आल्या काय द्यायचं, आणि काही महिन्यांनी परत तेच मोजा. हेच ऑडिट, दोन फेऱ्यांचं. इथल्या अर्ध्या लोकांच्या सीव्हीत एवढं धड नसतं. सापाचं आणि फवारणीचं मात्र मुलाखतीत गोष्ट म्हणून सांगा, त्याला मार्क नाहीत, ऐकून घेतात कौतुकाने.

अभ्यासाचं म्हणाल तर पार्ट वन नोकरी करता करता होतो, पुष्कळ जणांनी केला आहे. पेसेससाठी मात्र जरा सुट्टी आणि एखादा जोडीदार पाहिजे, एकट्याने भिंतीसमोर तपासणी करता येत नाही.

---

मेडिकल_चौक

नावाचं मी सांगतो, बायकोचं करून बसलो आहे. परीक्षेचा फॉर्म भरतानाच जे नाव पासपोर्टवर आहे तेच टाका, सेंटरवर ओळखपत्राशी एक अक्षर जुळलं नाही तर आत घेत नाहीत. डिग्रीवरचं नाव वेगळं आहे त्याला पुरावा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. ग्रामपंचायतीचं मराठीतलं असेल तर इंग्रजी प्रत काढून घ्या. पासपोर्टमधे माहेरचं नाव उर्फ म्हणून नसेल तर राजपत्रात नावबदल छापून ठेवलेला बरा, ऑनलाइन होते, कुठेही दाखवता येते. आपल्याकडे डिग्रीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर उलटं, हे पण ईपिकवाल्यांना, म्हणजे बाहेरच्या कौन्सिलसाठी डिग्र्या पडताळणाऱ्यांना, एकदा लिहून सांगावं लागते.

डिग्र्यांची पडताळणी नाशिकला आरोग्य विद्यापीठातून होते, त्याची फी वेगळी आणि वेळ लागतो. आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधे एमडीची अतिरिक्त नोंद केली आहे का पाहा, पुष्कळ जण एमबीबीएसच्या नोंदीवरच राहतात. रिन्यूअल पाच वर्षांचं असते, लॅप्स झालं असेल तर गुड स्टँडिंग, म्हणजे आपल्यावर कारवाई नसल्याचं कौन्सिलचं प्रमाणपत्र, देत नाहीत. ते गुड स्टँडिंग मात्र आत्ता काढू नका, तीनच महिने चालते, रजिस्ट्रेशनचा अर्ज टाकायच्या वेळेसच काढा.

---

सेवाग्राम_बॅच

जर्मनीचं कोणीच बोललं नाही म्हणून. तिथे डॉक्टर पाहिजे आहेत हे खरं, पण बी-टू जर्मन आणि वरून डॉक्टरी जर्मनची सी-वन पातळीची परीक्षा, त्यानंतर बहुतेकांना ज्ञानपरीक्षा. माझ्या मैत्रिणीने नोकरी सोडून भाषा केली तेव्हा झालं. लहान मूल असताना नवीन भाषा अवघड आहे, पण एकदा अप्रोबाट्सिओन, म्हणजे तिथला डॉक्टरकीचा परवाना, मिळालं की नोकरी मागे लागते, यूकेसारखी मारामारी नाही.

---

रियाधवाला_डॉक

मॅडम, एक मधला मार्ग. एमआरसीपी पार्ट वन आणि टू करून सौदीला या, तिथून पेसेस द्या. पगार चालू राहतो, अनुभव मोजला जातो, आणि एमआरसीपी झाली की इथली ग्रेड पण सुधारते. तेव्हा यूकेला वाटलं तर जा. मिस्टरांना फक्त आधी विचारा, झेडपीची नोकरी सोडवत नाही माणसाला, बिनपगारी रजा किती मिळते ते शिक्षण विभागात लेखी विचारून ठेवा म्हणावं.

---

वैनगंगाकाठ

विचारलं, ते म्हणतात पहिले तू पास हो. 🙂 दाखल्याचं काम उद्याच करते, आमचे अधीक्षक पुढच्या महिन्यात रिटायर होऊन राहिले. जुन्या ऑर्डरीतली एक मला सापडून नाही राहिली, तिची प्रत कुठून मिळेल?

---

मेडिकल_चौक

सिव्हिल सर्जन ऑफिसच्या आस्थापना शाखेत आवक-जावक रजिस्टर असते, त्यात तुमच्या जॉइनिंगच्या तारखेच्या आसपास शोधायला लावा. नाही म्हटलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावून.